नको म्हटल्यावर

हैदराबादेला मराठीतला एकच शब्द पक्का येतो. आमचं बाकीचं बोलणं या शहरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण 'नको' तेवढा उचलला, त्यात आणखी एक क घातला आणि घरोघर वाटून टाकला. चाय नक्को, लफडा नक्को, टेन्शन नक्को. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, बँकेतला साहेबसुद्धा म्हणतो. आम्हां इथल्या मराठी लोकांना याचं भारी कौतुक. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहते. शहरानं शब्द घेतला, त्याच्यामागची रीत घेतली नाही. आमच्या घरात पहिला 'नको' कोणी मनावर घेत नाही. वाढणाऱ्यानं पुन्हा विचारायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, त्यानं तिसऱ्यांदा "अहो घ्या हो, एवढ्यानं काय होतंय" म्हणायचं, आणि मग त्याच्यावर उपकार केल्यासारखं ताट पुढे करायचं. शहरात नक्को म्हणजे नक्को. विषय संपला.

समोरच्या सुशीलाबाईंना हे साठी उलटून गेल्यावर कळलं, तेही सरकारकडून.

आम्ही गौळीगुड्यात राहतो. त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर, मध्ये जेमतेम एक स्कूटर उभी राहील एवढी जागा. न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू येतं, आणि मी तसं कधी ठरवलेलंही नाही. त्या घरात चार माणसं. सुशीलाबाई, मुलगा गिरीश, सून मेघना आणि नववीतली नात तेजश्री. सुशीलाबाईंचे आजेसासरे निजामाच्या महसूल खात्यात होते, हे गल्लीत नवीन आलेल्या भाडेकरूलाही आठवडाभरात कळतं. सासरे कोर्टात होते. नवरा, नामदेवराव, एका वकिलाकडे कारकून होते. गिरीश अफझलगंजात कागदाच्या ठोक दुकानात गल्ल्याशेजारी बसतो आणि बिलं करतो. पिढ्यांचा हा उतार कोणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही, पण भाड्याच्या दोन खोल्यांतून तो दिसायचा तो दिसतोच.

मेघना सकाळी एका इंग्रजी शाळेत लहान मुलांची आया म्हणून जाते. तेजश्रीच्या शाळेनं फी वाढवली तेव्हा तिनं संध्याकाळचंही काम धरलं. बेगम बाजारात एका मसाल्याच्या गोदामात तिखट भरायचं. चुलीवरच्या भांड्याएवढं माप, प्लास्टिकची पिशवी, सील, पुढची पिशवी. नातेवाइकांत "मेघना मसाल्याच्या कंपनीत आहे" असं सांगतात. कंपनीत ती तोंडाला ओढणी बांधून बसते. तरीही मिरचीचा खकाणा जायचा तिथं जातोच. पहिल्या वर्षी शिंका, दुसऱ्या वर्षी खोकला. आता तो खोकला असा झालाय, की मी दार लावूनसुद्धा सांगू शकते, मेघना घरी आली. डॉक्टरनं औषध दिलं आणि म्हणाला, औषध कितीही घ्या, मिरची सोडल्याशिवाय उपयोग नाही.

मिरची सोडायची तर त्या पगाराएवढं कुठून तरी वाचायला हवं. इथं रेशनकार्ड आलं. पांढरं कार्ड, म्हणजे इकडे गरिबांचं, असलं की तांदूळ फुकट, तोही आता बारीक. गॅसचं सिलिंडर पाचशेत. दोनशे युनिटांच्या आत राहिलं की लाइटचं बिल शून्य. नामदेवरावांनी जन्मात कार्ड काढलं नाही. आपलं काय अडलंय, म्हणायचे. नंतर अडलं, तेव्हा बरीच वर्षं नवीन कार्डं निघतच नव्हती. मग सरकारनं अर्ज मागवले. मेघनानं शाळेतून अर्धा दिवस रजा काढली, रांगेत उभी राहिली, चौघांची आधार कार्डं जोडली आणि अर्ज दिला. ऑफिसातून घरी माणूस येईल, चौकशी करेल, मग कार्ड मिळेल, असं तिला सांगण्यात आलं.

घरी आल्यावर तिनं सासूला बजावलं. "आई, ऑफिसची बाई येईल. विचारेल ते नीट सांगा. तुम्हीच असता दिवसभर घरी."

"सांगते की. मला काय बोलता येत नाही?" सुशीलाबाई म्हणाल्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल कोणाचा गैरसमज नको. सुशीलाबाईंना कार्ड हवं होतं. मनापासून हवं होतं. सुनेचा खोकला त्यांच्या उशाशी होता. दोन खोल्यांच्या घरात तो दुसरीकडे जाणार कुठं?

बाई आली ती बरोबर मी माझ्या बहिणीकडे सिकंदराबादला गेले होते त्या दिवशी. त्यामुळे पुढचं मी सुशीलाबाईंच्या तोंडून ऐकलं, तीन-चार वेळा, आणि दर वेळी त्या स्वतःच्या बाजूनं थोडं थोडं जास्त सांगत गेल्या.

बाई कसली, पोरगीच होती. मौनिका नाव. उन्हानं लाल झालेली, पाठीला सॅक, हातात ऑफिसचा फोन. चप्पल बाहेर काढून आत आली, हे सुशीलाबाईंना आवडलं. घर बघितलं, फ्रिज बघितला, माणसं मोजली, गिरीश काय करतो ते विचारलं. मग फोनवर बोट ठेवून तिनं ऑफिसनं ठरवून दिलेला शेवटचा प्रश्न विचारला.

"अम्मा, राशन कार्ड होना क्या आपकु?" इथल्या दखनीत होना म्हणजे हवं.

सुशीलाबाई हसल्या. घरात आलेल्या माणसानं काही देऊ केलं की त्या जशा हसतात तशा. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नको ग बाई, कशाला उगीच!"

त्यांच्या हिशेबानं आता मौनिकानं म्हणायचं होतं, असं कसं अम्मा, घ्या की. मग त्या म्हणणार होत्या, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. मौनिकाला एवढ्या मोठ्या वाक्यातला पहिला शब्द कळला. पक्का कळला. तिनं बोट टेकवलं आणि फोन सॅकमध्ये टाकला.

"बस, बस, चहा घेऊन जा," सुशीलाबाई म्हणाल्या.

"नक्को अम्मा, और बीस घर बाकी हैं."

"एवढ्या उन्हाची आलीस."

"नक्को अम्मा, सच्ची."

"अगं घोटभर घे. पोटाला काय जड होतंय?"

मौनिका बसली. चहा प्यायली, दोन शंकरपाळेही खाल्ले आणि जाताना वाकून नमस्कार करून गेली. सुशीलाबाईंनी संध्याकाळी सुनेला सांगितलं, ऑफिसची मुलगी येऊन गेली, फार गुणाची आहे, काम झालंच समज.

पुढचे कितीतरी दिवस घरात कार्ड येणार याच हिशेबानं बोलणं चालायचं. गिरीश म्हणायचा, लाइट दोनशेच्या आत ठेवू, इस्त्री बंद. मेघनानं गोदामात शेठला सांगूनही ठेवलं की ती पुढे येणार नाही बहुतेक. गल्लीत एकेकाची कार्डं आली. वाणी लाइनमधल्या दिलीपकडे आलं, त्याच्या भावाकडे आलं. यांचं येईना. शेवटी मेघना मीसेवा केंद्रावर, म्हणजे सरकारी कागदांच्या खिडकीवर, जाऊन अर्जाचा नंबर टाकून आली.

त्या दिवशी मी घरी होते. मेघना आली, खोकला आला, आणि मग बराच वेळ आवाजच नाही. मला ते बरं वाटलं नाही. मी वाटी परत द्यायच्या निमित्तानं गेले. माझ्याकडे त्यांच्या घरची एखादी वाटी कायम असते.

"अर्ज रद्द झाला," मेघना म्हणाली. "कारण लिहिलंय, अर्जदाराला गरज नाही. चौकशीत तसं सांगितलं म्हणे."

"कोणी सांगितलं?" गिरीश म्हणाला.

सुशीलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "ती मुलगी? तिनं असं लिहिलं? मी तिला चहा दिला!"

"आई, तू तिला म्हणालीस काय?"

"मी काय म्हणणार! होना क्या म्हणाली. मी म्हटलं, नको ग, कशाला उगीच. माणूस म्हणतं तसं. एकदाच म्हटलं मी. तिनं परत विचारलंच नाही!"

गिरीशला हसू आलं. मलाही आलं, लपवण्यात अर्थ नाही. सरकारनं आग्रह करावा अशी वाट बघत बसलेली बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. गिरीश तर भिंतीला टेकून हसत होता. "आई, तुला काय वाटलं, सरकार पंगतीत वाढायला उभं आहे?"

मेघना हसली नाही. तिचा चेहरा उतरलेला होता. ओढणीची घडी मांडीवर होती, कारण तासाभरात तिला गोदामात जायचं होतं.

"त्या मुलीला कशाला बोल लावता, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवता येतच नाही तिला आता, लगेच ठसका लागतो. "गेल्या वर्षी खोकला सुरू झाला तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, मिरची सोडतेस का म्हणून. यांनीही विचारलं होतं. मी काय म्हटलं?"

मेघनानं ओढणीची घडी उलगडली.

"नको म्हटलं. चालतंय म्हटलं. तुम्ही दोघांनी परत विचारलंत?"

गिरीशचं हसू जिथल्या तिथं राहिलं. सुशीलाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, पुन्हा मांडीवर घेतलं. मेघना उठली, तोंडाला ओढणी बांधली आणि गोदामात गेली. मी वाटी ठेवून घरी आले. मलाही तो प्रश्न थोडा लागलाच होता, कारण समोर राहून मीही एकदाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलाबाई माझ्या दारात. इरकली नेसलेली, हातात पर्स, म्हणजे मामला गंभीर.

"तुला तेलुगू चांगलं येतं. चल माझ्याबरोबर ऑफिसात."

मला जायचं नव्हतं. ऑफिसात गेलं की दिवस जातो आणि डोकं दुखतं. मी "नको" म्हणणार होते. तोंडापर्यंत आलेला शब्द गिळला आणि चप्पल घातली. मेघनाची शाळा सुटायची होती, ती तिकडून परस्पर आली.

ऑफिसात साहेबाच्या टेबलावर प्रतापराव अशी पाटी होती. ती बघून सुशीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. "आपलेच दिसतात," त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि मी थांबवायच्या आत त्यांनी शुद्ध मराठीत निजामाच्या महसूल खात्यापासून सुरुवात केली. प्रतापराव करीमनगरकडचे तेलुगू गृहस्थ होते. ते शांतपणे आजेसासऱ्यांपर्यंत ऐकत राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एम् अंटुन्नारु?" म्हणजे, काय म्हणतायत या?

मी तेलुगूत थोडक्यात सांगितलं. गैरसमज झाला, कार्ड पाहिजे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्यासमोर रांग होती.

"अम्मा, नक्को बोले कते आप," ते म्हणाले. तुम्हीच नको म्हणालात म्हणे.

"बोलले. पण तसं नव्हतं ते."

"नक्को बोले तो नक्कोच रहता न अम्मा."

सुशीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण मी तरी प्रतापरावांना आमच्या पंगतीची रीत तेलुगूत कशी समजावणार होते? मी तोंड उघडलं तर प्रतापरावांनी हात वर केला. अम्मानंच नकार दिला होता, तर अम्मानंच सांगायला हवं. दुसऱ्याचं बोलणं चालणार नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आमच्या बाईला समजावं म्हणून सावकाश विचारलं. "कार्ड होना? नक्को?"

एवढंच. एक शब्द बोलायचा होता. मागे रांगेत माणसं उभी होती, हातात पिशव्या, कडेवर पोरं. त्यांच्यात कोपऱ्यातला इस्त्रीवालाही होता, ज्याच्याकडे या कधीकाळी नामदेवरावांचे कपडे इस्त्रीला टाकत. तो बघत होता. सुशीलाबाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ओठ हलले. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी दयाही आली. लहानपणापासून यांना शिकवलं होतं की भूक असली तरी दुसऱ्याच्या घरी "झालं माझं जेवण" म्हणायचं. त्या शिकवणुकीचा यांना अभिमान होता. 'पाहिजे' हा शब्द त्या फक्त दुकानात वापरत, तोही पैसे हातात धरून.

"बोलो अम्मा," प्रतापराव म्हणाले.

मागे मेघनाला ठसका लागला. एक, मग दुसरा, मग ती भिंत धरून वाकली. रांगेतल्या एका बाईनं तिला पाण्याची बाटली दिली. मेघनानं हातानंच नको म्हटलं. बाईनं बाटली मागे घेतली.

ते सुशीलाबाईंनी पाहिलं.

"होना," त्या म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या टेबलावरच्यानं मान वर केली. मग त्यांना वाटलं असावं की दखनीवर भागणार नाही, साहेब तेलुगू आहे. "कावाली," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या भाषेत. "पाहिजे. कार्ड पाहिजे मला. माझ्या सुनेला पाहिजे."

"सरे अम्मा, सरे," प्रतापराव म्हणाले. त्यांनी काहीतरी टाइप केलं. पुन्हा चौकशी होईल म्हणाले.

सुशीलाबाई वळल्या, त्या बाईच्या हातातली बाटली मागून घेतली आणि मेघनाच्या तोंडाला लावली. मेघना प्यायली.

मौनिका पुन्हा आली तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. तिनं प्रश्न पुरा करायच्या आत सुशीलाबाई होना, होना म्हणून मोकळ्या झाल्या. मौनिका हसायला लागली. चहाला तिनं पहिल्याच फटक्यात हो म्हटलं, तिला अनुभव होता. महिन्या-दीड महिन्यानं कार्ड आलं. तांदूळ आला. लाइटचं बिल शून्याचं आलं, ते गिरीशनं गल्लीत फिरून दाखवलं. एकूण काय, पाहिजे म्हटल्यानं आभाळ कोसळलं नाही. निजामाच्या महसूल खात्याचा विषय मात्र त्यानंतर जरा कमी निघतो.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मेघना गोदामात जातच होती. खोकला रोज ठरल्या वेळी गल्लीत शिरत होता. हिशेब बसला होता, कार्ड हातात होतं, तरी जात होती. शेठनं सणाच्या सीझनपर्यंत थांब म्हटलं होतं. आणि एकदा कामाची सवय लागली की घरालाही त्या पैशाची सवय लागते, हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

त्या दिवशी मी खरोखरच वाटी द्यायला गेले होते. मेघना आरशासमोर ओढणी बांधत होती. गिरीश अजून दुकानातून यायचा होता. सुशीलाबाई रेशनच्या तांदळाचा भात टाकून बाहेर आल्या.

"मेघना, ते काम सोड आता."

"नको आई. सीझन होऊ दे."

सुशीलाबाई आत गेल्या. मी मनात म्हटलं, झालं. हे घर काही शिकायचं नाही. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि त्या परत आल्या.

"सोड म्हणते ना मी."

"नको आई, खरंच. शेठला शब्द दिलाय. चालतंय मला."

चालतंय म्हणताना तिला खोकला आला. ओढणीत तोंड धरून ती बराच वेळ खोकत राहिली. सुशीलाबाई तिच्यासमोर उभ्या होत्या. पंधरा वर्षांत मी त्यांना या सुनेला आग्रह करताना पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना, पोस्टमनला, त्या मौनिकाला, माझ्या मांजरालासुद्धा. सुनेला नाही. घरचं माणूस होतं ते, हवं असेल तर घेईल.

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या तोंडावरच्या ओढणीची गाठ सोडली. जुनी गाठ होती, पटकन सुटेना.

"बस," त्या म्हणाल्या. "आज नको जाऊस. उद्याही नको. मी तिसऱ्यांदा सांगतेय ग बाई, आता तरी हो म्हण."

मेघनानं माझ्याकडे बघितलं. मी वाटी घेऊन तशीच उभी होते. मग ती खाली बसली, जिथं होती तिथंच, जमिनीवर.

"हो," ती म्हणाली.

सुशीलाबाई ओढणी घेऊन मोरीत गेल्या. तिखटानं त्यांना शिंका येत होत्या, पण नळ मोठा सोडून त्या ती धूत राहिल्या.